स्ट्रासबर्गमधला पहिला हिवाळा: घर, स्वयंपाक, सणवार आणि ऊन

स्ट्रासबर्गला येणारे बहुतेक मराठी विद्यार्थी आणि नोकरदार ऑगस्ट-सप्टेंबरात उतरतात. तेव्हा इल नदीच्या काठावर लोक उन्हात बसलेले असतात. त्यामुळे हिवाळ्याची तयारी म्हणजे एक जाड जॅकेट, एवढंच डोक्यात असतं. जानेवारीत इथलं सरासरी तापमान साधारण २ अंश असतं आणि रात्री ते बऱ्याचदा शून्याखाली जातं. एवढ्या थंडीला बरे कपडे पुरतात. माणूस थकतो तो अंधाराने आणि ओलीने. शहर ऱ्हाईनच्या सखल पट्ट्यात वसलं आहे, पश्चिमेला व्होजचे डोंगर आणि पूर्वेला ब्लॅक फॉरेस्ट. वारा पडला की थंड हवा या खोलगट भागात साचते आणि धुकं चार-चार दिवस हलत नाही. २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य सव्वाआठच्या पुढे उगवतो आणि चार पस्तीसला मावळतो. ऑफिसात किंवा प्रयोगशाळेत बसणाऱ्याला आठवड्याचे पाच दिवस ऊन दिसतच नाही.

म्हणून तयारी घरापासून करावी, तीही ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात.

घर गरम कसं होतं, ते आधी ओळखा

भाडेकरारात ‘शोफाज कोलेक्तिफ’ लिहिलंय की ‘शोफाज अँदिव्हिद्युएल’, ते पाहा. कोलेक्तिफ म्हणजे सगळ्या इमारतीचा एकच बॉयलर. तो कधी चालू होणार हे इमारतीची व्यवस्था पाहणारे ठरवतात, सहसा ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. त्याचा खर्च ‘शार्ज’मध्ये, म्हणजे भाड्यासोबत घेतल्या जाणाऱ्या इमारतीच्या खर्चात, दरमहा अंदाजाने कापला जातो आणि वर्षातून एकदा हिशोब होतो. अँदिव्हिद्युएल असेल तर बिल तुमच्या नावावर येतं आणि सगळे निर्णय तुमचे असतात.

कोलेक्तिफमध्ये रेडिएटर वरून गार आणि खालून गरम लागत असेल, आतून गुळगुळ आवाज येत असेल, तर त्यात हवा अडकली आहे. ती काढण्याची चौकोनी भोकाची छोटी किल्ली, ‘क्ले द पुर्ज’, हार्डवेअरच्या दुकानात दोन-तीन युरोत मिळते. रेडिएटर आधी बंद करून थंड होऊ द्या. बाजूच्या वरच्या टोकाला असलेल्या स्क्रूखाली वाटी धरा आणि स्क्रू अर्धा फेरा सैल करा. आधी हवा फुसफुसेल, मग काळपट पाण्याची सलग धार येईल. धार आली की लगेच बंद करा. सगळेच रेडिएटर गार असतील तर दोष बॉयलरचा किंवा दाबाचा आहे. तेव्हा हात न लावता इमारतीच्या व्यवस्थापकाला लेखी कळवा. ईमेल पुरे, पण तारीख राहील असं कळवा.

विजेवर चालणारे रेडिएटर छोट्या स्टुडिओंत फार दिसतात. साधा कन्व्हेक्टर हवा पटकन तापवतो आणि बंद होताच खोली गार पडते. आत विटेसारखा गाभा असलेला जड रेडिएटर हळू तापतो, पण ऊब धरून ठेवतो. दोन्हींवरच्या खुणा सारख्याच असतात. सूर्य म्हणजे तुम्ही लावलेलं तापमान, चंद्र म्हणजे त्याहून साधारण साडेतीन अंश कमी, आणि बर्फाचा कण म्हणजे सुमारे ७ अंश, पाइप गोठू नयेत इतपत. दिवसा १९ आणि झोपताना १६-१७ ठेवा. १९ हा आकडा फ्रेंच ऊर्जा संहितेतूनच आला आहे, म्हणून घरमालक आणि ऑफिस दोघेही तोच सांगतात. त्यात गारठा वाटला तर आधी पायांत लोकरी मोजे चढवा आणि मगच बटणाकडे जा.

खर्चाचा अंदाज घेऊ. १५०० वॅटचा रेडिएटर दिवसभरात मिळून ८ तास प्रत्यक्ष चालला तर १२ युनिट होतात. युनिटला साधारण २० सेंट धरले तर दिवसाला दोन युरो चाळीस सेंट, म्हणजे महिन्याला सत्तरच्या वर. वीजकंपनी सुरुवातीला दरमहा अंदाजाने पैसे कापते. तो अंदाज पुष्कळदा कमी असतो आणि वर्षअखेरीस मोठा आकडा येतो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी ‘लिंकी’ या स्मार्ट मीटरचं रोजचं वाचन कंपनीच्या खात्यावर पाहत राहा आणि मासिक हप्ता वेळेत वाढवून घ्या. करारात ‘अर क्रज’, म्हणजे स्वस्त विजेचे तास असतील, तर कपडे धुण्याचं यंत्र आणि पाण्याची टाकी त्याच वेळी चालवा.

संध्याकाळी अचानक सगळं घर अंधारात गेलं तर घाबरू नका. बहुतेक छोट्या घरांचा करार ३ किंवा ६ किलोव्होल्ट-अँपिअरचा, म्हणजे एका वेळी साधारण ३००० किंवा ६००० वॅट वापरता येतील असा, असतो. रेडिएटर १५००, केटल २०००, शेगडीच्या दोन प्लेटा ३०००, असं एकत्र चाललं की ६ ची मर्यादा ओलांडली जाते आणि मीटर पुरवठा तोडतो. एक-दोन उपकरणं बंद करा, मुख्य ‘डिसजोंक्तर’ खाली करून पुन्हा वर करा. मग भात आणि चहा वेगवेगळ्या वेळी करा, नाहीतर रोजचाच खेळ होईल. आणखी एक. बाजारातून आणलेला छोटा हीटर एक्स्टेंशन बोर्डला कधीच जोडू नका. बोर्डाची तार इतका वेळ इतका भार सोसत नाही आणि ती वितळते. हीटर थेट भिंतीच्या सॉकेटमध्येच लावावा.

नवं घर शोधत असाल तर जाहिरातीत ‘डीपीई’चं, म्हणजे घर किती ऊर्जा खातं ते सांगणारं अक्षर पाहा, ए (सर्वांत कमी) ते जी (सर्वांत जास्त). जी वर्गातली घरं १ जानेवारी २०२५ पासून नव्याने भाड्याने देता येत नाहीत. एफ वर्गातलं घर स्वस्त दिसतं, पण वाचलेलं भाडं विजेच्या बिलात जातं.

ओल आणि काळी बुरशी

इथे सगळ्यांत जास्त चुका होतात. १९ अंशांच्या खोलीत हवेतली आर्द्रता ६० टक्के असेल, तर ज्या पृष्ठभागाचं तापमान ११ अंशांच्या खाली जातं तिथे पाणी जमतं. बाहेरच्या भिंतीला चिकटवलेलं कपाट, पलंगामागचा कोपरा, खिडकीची चौकट या जागा डिसेंबरात सहज तितक्या गार होतात. तीन आठवडे ओल राहिली की काळे ठिपके येतात. मग घर सोडताना अनामत रकमेतून पैसे कापले जातात, आणि भिंतीजवळ टांगलेल्या कपड्यांना कुबट वास येतो तो वेगळाच.

उपाय स्वस्त आहे. सकाळी उठल्यावर आणि रात्री स्वयंपाकानंतर खिडक्या पूर्ण उघडा, पाच ते दहा मिनिटं, रेडिएटर बंद करून. बाहेर धुकं असलं तरी उघडा. २ अंशांची दमट दिसणारी हवा आत येऊन १९ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास उतरते, म्हणजे ती घरातली ओल शोषून घेते. याउलट खिडकी दिवसभर बोटभर उघडी ठेवली तर भिंत गार होते आणि ओल वाढते.

न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात छताजवळ गोल जाळी असते, खिडकीच्या वरच्या चौकटीत बारीक फट असते. या दोन्ही मिळून हवा खेळती ठेवतात. तिथून गार झुळूक येते म्हणून लोक त्यावर टेप लावतात आणि मग महिन्याभरात बुरशी येते. फट उघडीच ठेवा. जाळी दोन-तीन महिन्यांनी काढून साबणाच्या पाण्याने धुवा आणि जाळीवर टिश्यू पेपर धरून पाहा. कागद चिकटला तर पंखा ओढतोय. कागद गळून पडला तर घरमालकाला कळवा, कारण ती दुरुस्ती त्याच्याकडे असते.

धुतलेले कपडे खोलीत वाळत घातले की एका खेपेत दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं. शक्यतो न्हाणीघराचं दार लावून तिथे वाळवा, किंवा धुण्याच्या दुकानातला ड्रायर वापरा. दहा-बारा युरोचा आर्द्रतामापक घ्या. काटा ४० ते ६० मध्ये असला की घर ठीक. फर्निचर बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. बुरशी आलीच तर हातमोजे घालून पांढऱ्या व्हिनेगरने पुसा आणि जागा कोरडी करा. ब्लीच वापरायचं असेल तर व्हिनेगरमध्ये मुळीच मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

घरात गॅसचा बॉयलर असेल तर त्याची वार्षिक देखभाल कायद्याने भाडेकरूकडे आहे. ती ऑक्टोबरात करून घ्या आणि कागद जपून ठेवा. गृहविमाही भाडेकरूला सक्तीचा आहे.

डिसेंबरात भारतात जाणार असाल तर रेडिएटर पूर्ण बंद करून जाऊ नका. बर्फाच्या खुणेवर ठेवा. घर आधीच दमट असेल तर १२ अंशांवर ठेवा. शटर अर्धं उघडं राहू द्या, फ्रिज रिकामा करा.

फोडणी, दही आणि आंबवणं

प्रत्येक घरात धुराचा गजर असणं ८ मार्च २०१५ पासून सक्तीचं आहे. हिवाळ्यात खिडक्या बंद असतात आणि तेल मोहरी तडतडण्याच्या पुढे गेलं की गजर वाजतो. गजर काढून ठेवणं धोक्याचं आहे आणि आग लागली तर विमा कंपनीशी वादाचं कारण होतं. फोडणीआधी खिडकी उघडा, झाकण हाताशी ठेवा, मिरची शेवटी घाला. बहुतेक भाड्याच्या घरांत शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकत नाही, कोळशाच्या फिल्टरमधून पुन्हा खोलीतच सोडतो. तो फिल्टर तीन ते सहा महिन्यांनी बदलायचा असतो आणि आधीच्या भाडेकरूने तो बदललेला असेलच असं नाही. लोकरीचा कोट फोडणीचा वास फार धरतो. कोटांचं कपाट स्वयंपाकापूर्वी बंद करा.

दही लागत नाही ही इथली पहिली तक्रार. कारण सरळ आहे. विरजणातल्या जिवाणूंना ४० ते ४५ अंश हवे असतात आणि ओटा असतो १८ अंशांवर. पद्धत अशी. एक लिटर लाल खुणेचं, म्हणजे सायीसकट दूध घ्या. निळ्या खुणेचं अर्धं साय काढलेलं असतं, हिरव्याचं पूर्ण काढलेलं. शीतकपाटातलं ताजं दूध मिळालं तर उत्तम, टिकाऊ खोक्यातल्या दुधाचं दही जरा सैल लागतं. दूध ८५ अंशांपर्यंत तापवा आणि बोट सुखाने ठेवता येईल इतकं, म्हणजे ४३-४५ अंशांवर येऊ द्या. त्यात दोन मोठे चमचे साधं ‘याउर्त नात्युर’ घुसळून घाला. फ्रान्समध्ये ‘याउर्त’ या नावाने विकायला जिवंत जिवाणू असणं बंधनकारक आहे, त्यामुळे सगळ्यांत स्वस्त डबाही चालतो. मात्र ‘फ्रोमाज ब्लां’ घेऊ नका. ते दिसतं दह्यासारखं, पण त्याचे जिवाणू वेगळे आणि त्याचं नीट दही लागत नाही.

ओव्हन पाच मिनिटं ५० अंशांवर चालवून बंद करा, दिवा चालू राहू द्या, भांडं टॉवेलात गुंडाळून आत ठेवा आणि सहा ते आठ तास हलवू नका. पातळ राहिलं तर दूध विरजताना गार होतं. फुटल्यासारखं झालं किंवा लागलंच नाही तर ते फार गरम होतं आणि जिवाणू मेले. तार सुटली तर तापमान रात्री उतरलं. इडलीचं पीठ याच ओव्हनमध्ये नुसत्या दिव्यावर १२ ते १६ तासांत फुगतं. दिवा नसलेल्या ओव्हनमध्ये उकळत्या पाण्याचं भांडं ठेवून दर चार तासांनी बदलावं लागतं.

भाजीसाठी बुलव्हार द ला मार्नचा बाजार धरा, मंगळवारी आणि शनिवारी सकाळी भरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी टोमॅटो आणि भेंडीच्या मागे लागलं तर पैसे जातात आणि चव मिळत नाही. त्याऐवजी ‘पोतिरों’ आणि ‘बटरनट’ची भोपळ्यासारखी भाजी, ‘शू-राव्ह’ म्हणजे आपला नवलकोल, कोबी, लीक, काळ्या सालीचा तिखट मुळा. मुळ्याचा कीस दह्यात कालवला तर आपल्या कोशिंबिरीच्या जवळ जातो. भाकरीसाठी बिओ (सेंद्रिय मालाच्या) दुकानात ‘सोर्घो’चं पीठ शोधा, तीच ज्वारी. ‘मिये’ म्हणून मिळणारं पीठ बाजरीचं नसतं, ते वरीच्या जातीचं धान्य आहे.

कपडे

जाडीपेक्षा थर महत्त्वाचे. अंगाला लागून मेरिनो लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, वर स्वेटर किंवा फ्लीस, त्यावर वारा आणि पाऊस अडवणारं जॅकेट. अंगालगत सुती बनियन नको. ट्राम गाठायला धावलात की घाम त्यातच राहतो आणि थांब्यावर उभं राहिल्यावर अंग थंड पडतं. ट्राम, दुकानं आणि वर्ग चांगलेच गरम असतात, त्यामुळे एकच अतिजाड कोट गैरसोयीचा.

खरे पैसे बुटांवर खर्च करा. खोल खाचांचा रबरी तळवा, पाणी न शिरणारा वरचा भाग, आणि जाड मोजा मावेल असा अर्धा नंबर मोठा. जुन्या शहरातल्या दगडी गल्ल्यांत सकाळी ‘व्हेर्ग्ला’ म्हणजे पारदर्शक बर्फाचा पातळ थर असतो आणि चामड्याचा गुळगुळीत तळवा त्यावर ठरत नाही. अशा वेळी पावलं छोटी टाका, हात खिशाबाहेर ठेवा.

एक जॅकेट आणि बूट ऑक्टोबरात घ्या, बाकी सवलतीपर्यंत थांबू द्या. हिवाळी ‘सोल्द’ जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होते, तो १२ तारखेनंतर येत असेल तर पहिल्या बुधवारी, आणि चार आठवडे चालते. चांगले नंबर पहिल्या तीन दिवसांत संपतात, खोल सवलत शेवटच्या आठवड्यात मिळते. जुने कोट एमाउस या धर्मादाय संस्थेच्या दुकानांत आणि जुन्या कपड्यांच्या व्हिंटेड ॲपवर वर्षभर मिळतात, आणि अल्सासी (अल्सास म्हणजे स्ट्रासबर्गचा प्रदेश) लोकांचे लोकरी कोट दहा वर्षं जुने असले तरी टिकाऊ असतात.

जाणं-येणं

ट्राममध्ये चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात तिकीट वैध (व्हॅलिडेट) करून घ्यायचं असतं. तुमच्या उत्पन्नानुसार सवलतीचा पास मिळू शकतो, कागदपत्रं ऑक्टोबरातच द्या. सायकलचं हे शहर हिवाळ्यातही सायकलवर चालतं. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा सक्तीचा, नसला तर ११ युरो दंड. कानात इयरफोन असले तर १३५. रस्त्यावर टाकलेलं मीठ साखळी खातं, म्हणून आठवड्यातून एकदा पुसून तेल द्या. पुलांवर आणि लाकडी फळ्यांवर ब्रेक दाबत वळू नका.

डी ट्राम २०१७ पासून ऱ्हाईन ओलांडून जर्मनीतल्या केलला जाते. साबण, शाम्पू, डायपर तिथे स्वस्त म्हणून इथले लोक शनिवारी पिशव्या घेऊन जातात. जर्मनीने सप्टेंबर २०२४ मध्ये सगळ्या सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली, त्यामुळे पासपोर्ट आणि चालू व्हिसा किंवा निवास परवाना सोबत असू द्या, फोनमधला फोटो पुरत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: शहराचं पंचांग

हा अंधार इथल्या लोकांनी सणांनी भागवून घेतला आहे. दर दोन-तीन आठवड्यांनी काहीतरी येतं, आणि त्यात सामील होणं हा भाषेपेक्षाही सोपा प्रवेश आहे.

नोव्हेंबरात डाकिये आणि अग्निशामक दलाचे जवान दारावर कॅलेंडर घेऊन येतात. किंमत ठरलेली नसते, पाच ते दहा युरो द्यावेत अशी रीत आहे. गणवेश किंवा ओळखपत्र पाहायला संकोचू नका, तोतयेही फिरतात.

नोव्हेंबरच्या शेवटी ‘क्रिस्टकिंडल्समारिक’ सुरू होतो. हा नाताळबाजार १५७० पासूनचा. प्लास ब्रोग्ली, कॅथेड्रलभोवती आणि इतर चौकांत लाकडी दुकानं लागतात, प्लास क्लेबेरला उंच नाताळवृक्ष उभा राहतो. ११ डिसेंबर २०१८ ला या बाजाराच्या परिसरात झालेल्या हल्ल्यात पाच जणांचे प्राण गेले. बंदोबस्त कडक असतो. जुनं शहर इल नदीने वेढलेल्या बेटावर आहे, तिकडे नेणाऱ्या पुलांवर पिशव्या तपासतात, बाजाराच्या वेळेत गाड्यांना बंदी असते आणि आतल्या काही थांब्यांवर ट्राम थांबत नाही. घर बेटावर असेल तर मोठी सूटकेस सकाळी लवकर आणा. बाजार पाहायचा तर मंगळवार ते गुरुवार, दुकानं उघडताच. शनिवारी संध्याकाळी चालणंही कठीण होतं.

‘व्हँ शो’ म्हणजे दालचिनी, लवंग आणि संत्र्याची साल घालून गरम केलेली वाइन. दारू नको असेल तर ‘ज्यू द पोम शो’ मागा, गरम सफरचंदाचा रस, चवीला फार सुरेख. पेल्यासाठी वेगळी अनामत घेतात, पेला परत केला की पैसे परत. वाइनने ऊब वाटते ती त्वचेकडे रक्त धावल्यामुळे, शरीर खरं तर लवकर थंड पडतं. परत सायकलने जायचं असेल तर लक्षात घ्या, मद्याची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे.

शाकाहारी माणसाला इथे नेमकं बोलावं लागतं. ‘व्हेजेतारियँ’ म्हटलं तरी समोरचा मासे पुढे करू शकतो. ‘ज न मांज नी व्हियांद नी प्वासों’, मी मांस आणि मासे दोन्ही खात नाही, हे पाठ करा. तार्त फ्लांबे, म्हणजे पातळ रोटीवर साय आणि कांदा, यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतातच. ‘सां लार्दों’ मागितलं की बहुतेक ठिकाणी वेगळी करून देतात. शुक्रूत मात्र सोडा. आंबवलेला कोबी दिसतो शाकाहारी, पण शिजवताना त्यात हंसाची किंवा डुकराची चरबी घालतात. सूपचा रस्सा मांसाचा आहे का, हेही विचारावं.

६ डिसेंबरला सेंट निकोलस. बेकरीत माणसाच्या आकाराचा ‘मानेले’ हा गोडसर पाव मिळतो, कोकोसोबत खातात. याच महिन्यात घराघरांत ‘ब्रेडेले’ भाजतात, बडीशेपीच्या जातीच्या अनीसची, दालचिनीची, बदामाची छोटी बिस्किटं. शेजाऱ्याने डबाभर दिली तर डबा रिकामा परत करू नका. करंज्या, चकल्या किंवा बेसनाचे लाडू यांचं इथे मनापासून कौतुक होतं. त्यात काजू-बदाम असतील तर सांगा.

अल्सासमध्ये आणि शेजारच्या मोझेलमध्ये जुन्या स्थानिक कायद्यामुळे २६ डिसेंबरलाही सुट्टी असते, बाकी फ्रान्समध्ये ती नाही. रविवारची दुकानबंदीही इथे कडक आहे. २०२६ मध्ये २५ तारीख शुक्रवारी येते, म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार सलग तीन दिवस बाजार बंद. दूध, भाजी, पॅरासिटामॉल २४ च्या दुपारपर्यंत घरात हवं. नाताळ ते नववर्ष बरीच ऑफिसं बंद असतात आणि शहर रिकामं होतं. वसतिगृहात एकटे उरलेल्यांनी आधीच दोघा-तिघांशी बोलून एक जेवण ठरवून ठेवावं. त्या चार दिवसांतला एकटेपणा थंडीपेक्षा जड जातो.

३१ च्या रात्री रस्त्यांवर फटाके अंगावर येतील असे फुटतात, ट्राम लवकर थांबू शकतात. घरी किंवा मित्राकडे मुक्कामीच राहा.

‘बोन आने’ असं ३१ जानेवारीपर्यंत म्हणता येतं. जानेवारीभर ‘गालेत दे र्वा’ कापतात, बदामाच्या सारणाचा पापुद्र्यांचा केक. आत एक छोटी मूर्ती लपवलेली असते, म्हणून सावकाश चावा. वयाने सगळ्यांत लहान व्यक्ती टेबलाखाली बसून कुठला तुकडा कुणाला ते सांगते, मूर्ती मिळेल तो राजा. ऑफिसात राजा झालेल्याने पुढचा केक आणायचा असतो. याच दिवसांत संक्रांत येते आणि तिळगूळ न्यायला याहून चांगला मोका नाही. गूळ दक्षिण आशियाई दुकानांत मिळतो. ‘रापादुरा’ ही बिओ दुकानातली कोरडी साखर वापरलीत तर २५० ग्रॅमला दोन चमचे पाणी घालून पाक करा, नाहीतर ती विरघळण्याआधी करपते. २ फेब्रुवारीला शांदलर, त्या दिवशी क्रेप करतात. घावन उलटता येणाऱ्याला तव्याचं तंत्र शिकावं लागत नाही.

कुणाच्या घरी बोलावणं असेल तर वेळेआधी कधीही पोचू नका, दहा मिनिटं उशीर सभ्य मानतात. हातात काहीतरी असावं. बूट काढायचे का, ते दारात विचारा.

अंधार आणि तब्येत

नोव्हेंबरपासून सकाळी जड वाटणं, सतत गोड खावंसं वाटणं, दुपारी तीनला झोप येणं, यामागे बहुधा प्रकाशाची कमतरता असते. दुपारच्या सुट्टीत ढगाळ असलं तरी वीस मिनिटं बाहेर चाला, खोलीतल्या दिव्यापेक्षा तो प्रकाश कित्येक पट असतो. १०,००० लक्सचा दिवा घेतलात तर सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत वीस-तीस मिनिटं, चेहऱ्यापासून पुस्तकभर अंतरावर, बाजूला ठेवून वापरा. संध्याकाळी वापरला तर झोप उडते. डोळ्यांचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ‘ड’ जीवनसत्त्व रक्त तपासून किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या. सावळ्या त्वचेला इथल्या उन्हातून ते कमी मिळतं, हे डॉक्टरांना ठाऊक असतं.

‘मेदसँ त्रेतां’, म्हणजे नेहमीचा डॉक्टर, ऑक्टोबरातच नोंदवा. जानेवारीत फ्लूची साथ आली की नवीन रुग्णाला वेळ मिळत नाही. साध्या भेटीचे ३० युरो. अल्सासमध्ये नोकरी असेल तर स्थानिक आरोग्य योजनेतून ७० ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत परतावा मिळतो, तिची वेगळी कपात पगारपत्रकात दिसते. घसा दुखत असेल तर हिरव्या क्रॉसच्या फार्मसीतही तपासणी होते आणि जिवाणू आढळले तर फार्मासिस्टच प्रतिजैविक देऊ शकतो. फ्लूची लस ऑक्टोबरच्या मध्यापासून मिळते. रात्रीची फार्मसी ३२३७ वर कळते, तातडीला १५ किंवा ११२. मन खचत असेल तर विद्यार्थ्यांना ‘सांते प्सी एत्युदियां’मधून समुपदेशनाची बारा सत्रं मोफत मिळतात, आणि आत्महत्येचे विचार येत असतील तर ३११४ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

पोहायला जाणार असाल तर घट्ट पोहण्याचा पोशाख लागतो, ढगळ चड्डी घातलेल्याला परत पाठवतात, टोपीही बहुतेक ठिकाणी हवी.

सप्टेंबरात आलेल्यांनी व्हिसाची ऑनलाइन नोंद आल्यापासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. परवान्याचं नूतनीकरण मुदत संपण्याच्या चार ते दोन महिने आधी. नाताळाच्या पंधरवड्यावर कुठलंही सरकारी काम ठेवू नका.

ऊन कुठे मिळतं

धुकं तीन दिवस हललं नाही, आणि हवा स्थिर, कोरडी, दाब जास्त असा अंदाज असेल, तर वर जा. अशा दिवसांत गार हवा आणि ढग खाली अडकतात आणि डोंगरावर लख्ख ऊन असतं, कधीकधी शहरापेक्षा जास्त उबदारही. मों सँत-ओदील ७६३ मीटरवर आहे, शाँ द्यु फ ११०० मीटरच्या आसपास. निघण्याआधी वेबकॅम पाहा. ढगांचा वरचा थर कधी ९०० मीटरवर असतो आणि मग सँत-ओदीलही धुक्यातच राहतं, तेव्हा थेट शाँ द्यु फ गाठा. तिथे बर्फ असेल तर क्रॉसकंट्री स्कीची साधनं भाड्याने मिळतात. डोंगरातल्या ठरावीक गावांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च गाडीला हिवाळी टायर किंवा साखळ्या सक्तीच्या आहेत, भाड्याची गाडी घेताना हे विचारून घ्या. बसने जायचं तर फ्लुओ या प्रादेशिक वाहतूक सेवेचं हिवाळी वेळापत्रक पाहा आणि परतीची शेवटची बस आधी लिहून ठेवा. चारनंतर वर पटकन अंधारतं आणि तापमान तासाभरात पाच-सहा अंशांनी उतरतं, म्हणून पिशवीत डोक्याचा दिवा, कोरडे मोजे आणि थर्मासभर चहा असू द्या.